एल-व्हॅल्यू देणारा मास्तर

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी आठवड्यातले चार पिरियड आणि वार्षिक परीक्षेतला एक निबंध. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं सांगण्यात आलं, तेव्हा मला घामच फुटला. काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे, मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांच्यासुद्धा, कारण फर्स्ट इयरला 'सी' सगळ्यांनाच होतं.

आठवतंय का? प्रोग्रॅममध्ये डावीकडे ए अधिक बी, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे सी असं घाईत लिहून टाकायचो, आणि कंपायलर तोंडावर फेकायचा: एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड! मग आपण काय करायचो? शेजारच्या पीसीवर बघायचो, दोन्ही बाजू उलट्या करायचो, एरर गेली की जर्नलवर सही घ्यायची. हा 'एल' कोण, कुठला, हे विचारायच्या फंदात कोण पडतंय!

मी पण पडले नसते. पण व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी स्वॅपचं फंक्शन लिहायला सांगितलं. मी झोकात लिहिलं. ए आणि बी पाठवले, आत टेंप घेऊन अदलाबदल केली, आणि बाहेर येऊन बघते तर आकडे होते तिथेच. सरांनी शांतपणे विचारलं, असं का? पाठ केलेलं उत्तर दिलं, कॉल बाय व्हॅल्यू आहे म्हणून. त्यांनी पुढे विचारलं, मग व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, आणि ती कुणाची? तिथे माझी बत्ती गुल.

त्या संध्याकाळी लायब्ररीत या प्रश्नाचा माग काढत गेले आणि एका माणसापाशी पोचले. क्रिस्टोफर स्ट्रेची त्याचं नाव. 'एल-व्हॅल्यू' आणि 'आर-व्हॅल्यू' हे शब्द प्रोग्रॅमिंगमध्ये रुजवणारा हाच. पण त्या शब्दांपेक्षाही त्याचं आयुष्य वाचून मी जास्त चाट पडले. कारण हा माणूस टॉपर नव्हता.

स्ट्रेचीचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. घराणं मोठं नावाजलेलं, आणि त्याचा आपल्या देशाशी थेट संबंध. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची बंगाल इंजिनिअर्समध्ये होते. उत्तर हिंदुस्थानात कालव्यांच्या कामावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि पुढे ते ईस्ट इंडियन रेल्वेचे चेअरमन झाले. वडील ऑलिव्हर यांनीही त्याच रेल्वेत नोकरी केली. पण नंतर ते इंग्लंडला परतले आणि दोन्ही महायुद्धांत शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याचं काम त्यांनी केलं. आई रे स्ट्रेची केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकलेली, आणि बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढणाऱ्यांत अग्रभागी. काका लिटन स्ट्रेची तर प्रसिद्ध लेखक. अशा घरातल्या मुलाकडून लोकांच्या अपेक्षा किती असतील याचा अंदाज आपल्याला आहेच. आपल्याकडे नुसता एक मामेभाऊ आयआयटीत असला तरी जीव नकोसा होतो!

मुलगा हुशार होता, कोडी आणि खेळ यांत रमणारा. पण मार्कांत ते दिसेना. ग्रेशम्स नावाच्या शाळेतून १९३५ साली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. ॲलन ट्युरिंग तेव्हा तिथेच होता, दोघांची ओळखही होती. पण कॉम्प्युटर नावाची चीजच अजून जन्माला यायची होती, त्यामुळे त्या ओळखीतून लगेच काही निघालं नाही. स्ट्रेचीने आधी गणित घेतलं, मग फिजिक्सकडे वळला. तिसऱ्या वर्षी त्याचं मन साफ कोलमडलं. डॉक्टरी भाषेत नर्व्हस ब्रेकडाउन. अभ्यास सुटला, तो सावरून परत आला, आणि शेवटी हातात पडला लोअर सेकंड क्लास. त्याला रिसर्च करायचा होता. त्या क्लासवर रिसर्चचं दार बंद झालं.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. का, ते शेवटी सांगते.

मग नोकरी. स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत तो रेडिओच्या व्हॉल्व्हवर काम करू लागला. आकडेमोड इतकी किचकट की डिफरन्शियल ॲनालायझर नावाचं यांत्रिक गणनयंत्र वापरावं लागलं. यंत्राकडून गणित करून घेता येतं ही गोष्ट त्याच्या डोक्यात तिथे शिरली. पण युद्ध संपलं आणि हा गृहस्थ शिरला कुठे, तर शाळेत! १९४५ मध्ये कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत फिजिक्स आणि गणिताचा मास्तर, आणि १९४९ पासून हॅरो या मोठ्या शाळेत. वय तेहेतीस. चारचौघांनी त्याच्या नावापुढे फुलस्टॉप देऊन टाकला असणार.

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राने त्याची ओळख नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या माइक वुजर यांच्याशी करून दिली. तिथे ट्युरिंगच्या आराखड्यावरून केलेलं पायलट एस हे यंत्र नुकतंच चालू झालं होतं. मास्तर घरी परतला तो झपाटूनच. शाळा सांभाळून, फावल्या वेळात, त्याने ड्राफ्ट्स म्हणजे चेकर्स हा सोंगट्यांचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. यंत्र समोर नाही, हात लावायला मिळत नाही, सगळं कागदावर! ३० जुलै १९५१ ला तो पायलट एसवर चढवला. चालला नाही. चुका होत्या, आणि त्या यंत्राची मेमरीही त्या खेळाने पार भरून गेली होती.

आपल्यापैकी किती जण इथे प्रोजेक्टचा विषय बदलून मोकळे झाले असते? स्ट्रेचीला कळलं की मँचेस्टरच्या यंत्राची मेमरी बरीच मोठी आहे. त्याने सरळ ट्युरिंगकडून त्या यंत्राचं मॅन्युअल मागवलं आणि अख्खा प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या कोडमध्ये पुन्हा लिहिला. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत तो पूर्ण डाव खेळू लागला. मँचेस्टरमध्ये त्याने रात्र-रात्र जागून दुसराही एक लांबलचक प्रोग्रॅम चालवला, आणि काम संपल्यावर यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. लोक थक्क! १९५१ मध्ये बीबीसीने त्या यंत्राच्या संगीताचं रेकॉर्डिंग केलं होतं, ते २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दुरुस्त करून पुन्हा ऐकण्याजोगं केलं. १९५२ मध्ये त्याने त्याच यंत्राकडून प्रेमपत्रंही लिहून घेतली, शब्दांच्या याद्यांतून यदृच्छेने शब्द उचलून. (आपल्या हॉस्टेलवरच्या काही वीरांना ही आयडिया आधी कळली असती तर बरं झालं असतं, पण ते असो.)

१९५२ च्या जूनमध्ये त्याने शाळा सोडली आणि नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेत कॉम्प्युटरचं काम घेतलं. कॅनडात टोरांटोला जाऊन सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची गणितं यंत्रावर बसवली. (सिव्हिलवाले, हे तुमच्यासाठी.) फेरँटी पेगासस या कॉम्प्युटरच्या रचनेत हात लावला. १९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत टाइम शेअरिंगवर पेपर वाचला. एक प्रोग्रॅम अडून बसला की प्रोसेसरने रिकामं न बसता दुसरा घ्यावा, आणि त्याच वेळी कुणी प्रोग्रॅमर कन्सोलवर बसून आपल्या चुका शोधू शकावा, अशी ती कल्पना. आपण ओएसच्या पेपरात शेड्युलिंग लिहितो, त्याच्या मुळाशी असलेल्या कामांतलं हे एक.

त्याच वर्षी नोकरी सोडून तो स्वतंत्र सल्लागार झाला आणि मदतनीस म्हणून त्याने पीटर लँडिन या तरुणाला ठेवलं. लँडिन आपला बराच वेळ लॅम्डा कॅल्क्युलसच्या आधारे प्रोग्रॅमचा अर्थ लावण्यात घालवायचा. साहेबाने त्याला अडवलं तर नाहीच, उलट स्वतःही त्याच वाटेवर गेला.

१९६२ मध्ये स्ट्रेची केंब्रिजला परत आला. लोअर सेकंड मिळालं, त्याच केंब्रिजला. तिथे आणि लंडन युनिव्हर्सिटीत मिळून सीपीएल नावाची नवी भाषा घडत होती, आणि तिच्यात हा प्रमुख. आणि इथेच माझ्या व्हायवाच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तेव्हाची स्थिती अशी. फंक्शनला एखादी गोष्ट द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं, यावर भाषांचं एकमत नव्हतं. जुन्या फोरट्रानमध्ये बहुधा पत्ताच जायचा. त्यात गंमत अशी की काही कंपायलरांवर सबरूटीनला नुसता २ हा आकडा दिला आणि आत कुणी तो बदलला, तर पुढे सगळ्या प्रोग्रॅममध्ये २ म्हणजे भलतंच काहीतरी व्हायचं! अल्गोल ६० मध्ये दोन पद्धती होत्या, व्हॅल्यूने आणि नावाने. नावाने म्हणजे, जी एक्स्प्रेशन दिली ती आत जशीच्या तशी ठेवल्यासारखी, वापराल तेव्हा पुन्हा मोजायची. ऐकायला छान. पण त्यात आय आणि ए ऑफ आय यांचा स्वॅप करून बघा. समजा आय आहे १ आणि पहिल्या खणात आहे ३. टेंपमध्ये १ ठेवला, आय झाला ३, आता ए ऑफ आय मध्ये टेंप टाकायचा. पण आय आता ३ आहे ना! म्हणजे १ गेला तिसऱ्या खणात, पहिला खण जसाच्या तसा, आणि तिसऱ्यात जे होतं त्याचं वाटोळं.

स्ट्रेचीने या गोंधळाच्या मुळाला हात घातला. त्याचं म्हणणं, व्हेरिएबलला एक नाही, दोन किमती असतात. असाइनमेंटच्या उजवीकडे लिहिलं की आपल्याला त्यातला माल हवा असतो, ती आर-व्हॅल्यू, आर फॉर राइट. डावीकडे लिहिलं की आपल्याला माल ठेवायची जागा हवी असते, ती एल-व्हॅल्यू, एल फॉर लेफ्ट. ए अधिक बी ला आर-व्हॅल्यू आहे, बेरीज काढता येते. पण त्याला स्वतःची जागा नाही, ठेवणार कुठे? म्हणून कंपायलर ओरडतो. एवढंच!

आणि एकदा हे दोन वेगळे झाले की पाठवण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. आर-व्हॅल्यू पाठवली की कॉल बाय व्हॅल्यू, एल-व्हॅल्यू पाठवली की कॉल बाय रेफरन्स. हॉस्टेलच्या भाषेत सांगू? सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही मैत्रिणीला जर्नलची झेरॉक्स दिली, तर ती त्यावर चहा सांडो की मिशा काढो, तुमची जर्नल सेफ. पण जर्नल माझ्या टेबलावर आहे, जा बघ, असं म्हणून रूम नंबर सांगितलात, तर तिने केलेली प्रत्येक खाडाखोड सकाळी सरांसमोर तुमच्या नावावर. माझ्या स्वॅपने झेरॉक्सांची अदलाबदल केली होती. ओरिजिनल जर्नल्स होत्या तिथेच होत्या.

पुढे जावा शिकताना आपण सगळे ज्यावर भांडतो, तेही याने सुटतं. जावात सगळं व्हॅल्यूनेच जातं, पण ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमधली व्हॅल्यू म्हणजे मुळात रूम नंबर लिहिलेली चिठ्ठी. फंक्शनला त्या चिठ्ठीची झेरॉक्स मिळते. झेरॉक्सवरचा नंबर खोडून दुसरा लिहिला तर तुमच्या चिठ्ठीला काही होत नाही. पण त्या नंबरच्या रूमवर जाऊन जर्नलमध्ये काही लिहिलं, तर ते दोघांनाही दिसणार.

आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये हेच झालं होतं. चौघांची चार मॉड्यूल्स, वर्गाची यादी एकच, ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची. माझ्या मॉड्यूलने ती मार्कांप्रमाणे सॉर्ट केली. हजेरीचं मॉड्यूल यादी रोल नंबरप्रमाणेच आहे असं धरून चाललेलं. झालं! गैरहजर मुलं हजर आणि हजर मुलं डिटेन. प्रत्येक मॉड्यूल एकेकटं तपासलं तर बरोबर. दोन दिवस एकमेकांवर खेकसण्यात गेले. चूक मॉड्यूलमध्ये नव्हतीच, दोघं एकाच जागेचे वाटेकरी होतो हे कुणाच्या लक्षात नव्हतं. सॉर्ट करण्याआधी यादीची कॉपी घेतली आणि प्रोजेक्ट चाललं. एकाच जागेला दोन वाटा असणं, याचाही विचार स्ट्रेचीने केला होता, तेही १९६७ सालात.

त्या वर्षी कोपनहेगनच्या समर स्कूलमध्ये त्याने लेक्चर्स दिली, प्रोग्रॅमिंगच्या भाषांतल्या मूलभूत कल्पनांवर. एल-व्हॅल्यू, आर-व्हॅल्यू, पॅरामीटर पाठवण्याच्या पद्धती हे सगळं त्यात नीट मांडलं. पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम हा शब्दही त्यातलाच. त्या समर स्कूलचा ग्रंथ निघायचा होता, तो निघालाच नाही. नोट्स मात्र या हातातून त्या हातात फिरत राहिल्या, वर्षानुवर्षं, थेट आपल्या सीनियर्सच्या नोट्ससारख्या. एका नियतकालिकात त्या रीतसर छापून आल्या तेव्हा साल होतं २०००.

सीपीएलचं काय झालं? ती पूर्णपणे कधीच यंत्रावर उतरली नाही. फार मोठी, फार महत्त्वाकांक्षी. व्यवहारात बघाल तर फेल गेलेलं प्रोजेक्ट. पण तिच्यातून मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये साधी, सुटसुटीत बीसीपीएल काढली, बीसीपीएलवरून केन थॉम्पसन यांनी बी, आणि बी वरून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची सी. आपल्या फर्स्ट इयरच्या सिलॅबसची पणजी म्हणजे ही न झालेली भाषा!

१९६५ मध्ये स्ट्रेचीने ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप सुरू केला. थिअरी आणि प्रॅक्टिकल यांची फारकत त्याला मान्य नव्हती. नुसती थिअरी पोकळ आणि नुसतं प्रॅक्टिकल आंधळं, अशी त्याची धारणा होती. १९६९ मध्ये डेना स्कॉट हे तर्कशास्त्रज्ञ तिथे आले आणि दोघांनी मिळून प्रोग्रॅमचा अर्थ गणितात कसा मांडायचा याचं शास्त्र उभं केलं. १९७१ मध्ये तो ऑक्सफर्डचा कॉम्प्युटेशनचा पहिला प्रोफेसर झाला. एकेकाळी रिसर्चला नालायक ठरलेला माणूस. मनासारखं झाल्याशिवाय तो छापायलाच द्यायचा नाही. १८ मे १९७५ रोजी काविळीच्या आजाराने तो गेला. वय अठ्ठावन्न.

आता शेवटचं. मघाशी पुस्तक खाली ठेवलं होतं, कारण माझी रूम-पार्टनर. तिला या वर्षी ड्रॉप लागला. नुसते केटी नव्हते, मनानेच ती खचली होती. रात्र-रात्र झोपायची नाही. आम्ही समजायचो अभ्यास करतेय. दिवाळीच्या आधी वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. तिची कॉट अजून रिकामी आहे. तिला वाटतं की आता आपलं काही खरं नाही, आपला शिक्का पडला.

मला खोटं सांगायचं नाही. स्ट्रेचीच्या मागे मोठं घराणं होतं, ओळखी होत्या, सगळ्यांना ते मिळत नाही. ब्रेकडाउन झालं की माणूस पुढे मोठा होतोच असंही काही नाही. पण ते झालं म्हणून सगळं संपतं, हेही खरं नाही, एवढं त्याच्या आयुष्यावरून मला समजलं. मार्कशीटवर जे छापलं होतं, ती त्या वेळची आर-व्हॅल्यू होती. एका दिवशी त्या खणात जे होतं ते. खण तसाच होता, आणि पुढे त्यात काय काय आलं ते वर लिहिलंच आहे.

हा अंक तिच्या घरच्या पत्त्यावर मी पाठवणार आहे. बाई गं, तुझी डीएसची जर्नल माझ्याकडे आहे. झेरॉक्स नाही, ओरिजिनल. त्यात मी काही खाडाखोड केलेली नाही. जूनमध्ये येशील तेव्हा घे. रूम तीच आहे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह